जुना रेंजफाइंडर घेताना नाव नको, नग पाहा

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचं मनात आलं की माणूस आधी भिंगांची तुलना वाचत बसतो. कुठलं भिंग जास्त धारदार, कुणाचे रंग गोड, कुणाची पार्श्वभूमी जास्त विरघळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या जपानी रेंजफाइंडरांच्या बाबतीत या चर्चेत फारसा दम नाही. कॅनोनेट, यशिका इलेक्ट्रो, ऑलिंपस, मिनोल्टा हाय-मॅटिक, कोनिका ऑटो एस या सगळ्यांची भिंगं चांगलीच आहेत. साध्या आकाराच्या प्रिंटवर फक्त नजरेने त्यांच्यातला फरक कुणी ओळखून दाखवला तर त्याचा चहा माझ्याकडे लागू.

फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टींनी. सेल मिळाला नाही तर कॅमेरा चालतो का? उन्हाळ्यात त्याच्या पात्यांवर तेल उतरतं का? आणि बिघडलाच तर घरी काय करता येतं, दुकानात काय न्यावं लागतं? दीपनगर, भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात राहणाऱ्याने निवडीला इथूनच सुरुवात करावी. मुंबईकराला कॅमेरा बिघडला तर फोर्टात दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. आपल्याला रात्रीची गाडी पकडावी लागते.

आधी एक खुलासा. घरच्या कपाटात सापडलेला जुना कॅमेरा रेंजफाइंडर असेलच असं नाही, बहुधा नसतोच. बडोद्यात तयार होणारे आग्फा क्लिक थ्री आणि आयसोली, नंतरचा प्लॅस्टिकचा हॉट शॉट, यांत रेंजफाइंडर नाही. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर फोकसच नाही. गावातल्या स्टुडिओवाल्यांकडचा यशिका मॅट दोन भिंगांचा आणि वरून वाकून बघायचा. तोही वेगळ्याच जातीचा. रेंजफाइंडर ओळखायची खूण अशी: डोळ्याला लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्याच वस्तूची दुसरी, किंचित सरकलेली प्रतिमा असते. फोकसची कडी फिरवली की ती सरकत येते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस लागला. तुम्ही भिंगातून बघतच नसता, त्यामुळे आत वर-खाली उडणारा आरसा नाही, आरशाचा खटका नाही, आणि संध्याकाळच्या बाजारातल्या मिणमिणत्या बल्बखालीही फोकस लावता येतो. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी समोरचं सगळं छान दिसत राहतं, ही मात्र या जातीची जुनी खोड.

यामुळेच काही कामांना रेंजफाइंडर चालत नाही, आणि ते काम तुमचं असेल तर इथेच थांबा. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) टेबल-टॉप छायाचित्रणासाठी नावाजलेले होते. टेबलावर मांडणी करायची, प्रकाश हवा तसा वळवायचा आणि जवळून चित्र घ्यायचं. चाळीसगावला त्यांच्या राहत्या घरातलं संग्रहालय बघितलं नसेल तर जरूर बघा. पण तसलं काम मनात असेल तर रेंजफाइंडर घेऊ नका. यातले बहुतेक कॅमेरे ८०-९० सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाहीत, आणि इतक्या जवळ खिडकीतून दिसणारी चौकट व फिल्मवर उमटणारी चौकट यांत फरक पडतो. फुलं, किडे, दागिने यांना भिंगातूनच बघायचा कॅमेरा, म्हणजे एसएलआर, लागतो. केळीच्या बागेतली माणसं, मुक्ताईनगरची यात्रा, भुसावळ स्टेशनाबाहेरची वर्दळ, घरातलं बारसं, ही कामं रेंजफाइंडरची.

आता खरी लढत. आपल्याकडे जुन्या बाजारात सगळ्यात जास्त कानावर येणारी नावं दोन: यशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅनोनेट क्यूएल१७.

यशिका इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ साली सुरू झाली. त्यातलं १९७३ चं जीएसएन हे मॉडेल जास्त करून मिळतं. काळ्या रंगात आला की त्याचं नाव जीटीएन. ४५ मिमी, एफ १.७ चं भिंग. तुम्ही फक्त अ‍ॅपर्चर ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. रात्रीच्या चित्रांना हे फार सोयीचं. वेग आपल्या हातात मात्र अजिबात नाही. सेल संपला तर शटर उडतं, पण नेहमी १/५०० वरच. त्यामुळे विक्रेता सेल न घालता ‘बघा, चालतोय’ म्हणून खटके वाजवून दाखवतो, त्यातून काही कळत नाही. सेल घालायला लावा. वरच्या बाजूची प्रकाशमापकाची छोटी खिडकी अंगठ्याने झाका: पिवळा दिवा लागला पाहिजे आणि शटर बराच वेळ उघडं राहिलं पाहिजे. मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून कॅमेरा आकाशाकडे धरा: लाल दिवा. मागचं बटण दाबल्यावर फिल्मच्या आकड्यापाशी हिरवा उजेड दिसला तर सेलची जोडणी ठीक.

यशिकाचा खास आजार वेगळाच आहे. आत रबराची एक बारीकशी गादी असते. पन्नास वर्षांत ती भुगा होते आणि मग वेगाचा हिशोब बिघडतो. त्याची परीक्षा कानाने होते. लिव्हर पूर्ण ओढताना शेवटी एक ठसठशीत ‘खट्’ आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर गादी गेली. बदलता येते, पण त्यासाठी वरचं झाकण उघडणारा, धीराचा माणूस हवा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांपैकी काही जण हे करतात, पण शिकाऊ हाताला देऊ नका.

त्याचा मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा. पाऱ्याचे सेल केव्हाच बंद झाले. पण या कॅमेऱ्याची रचना ६ व्होल्ट आरामात सोसते. घड्याळाच्या दुकानात मिळणारे चार एलआर४४ एकावर एक रचा, कागदाच्या नळीत गुंडाळा आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग किंवा चुरगळलेला चांदीचा कागद बसवा. काम झालं. सेलचा कप्पा आधी नीट बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर जुना सेल आत फुटलेला आहे. व्हिनेगरने ती साफ होते, पण तार आतून कुजली असेल तर नाही.

कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री १९७२ ते १९८२ या काळात बनला. ४० मिमी, एफ १.७. वजन ६२० ग्रॅम, यशिकाहून लहान आणि हाताला जास्त सुटसुटीत. इथे उलटं आहे: वेग तुम्ही लावायचा, ‘ए’ वर ठेवलं तर अ‍ॅपर्चर कॅमेरा निवडतो. मुख्य म्हणजे कडी ‘ए’ वरून काढली की हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक होतो. सेल नसला तरी १/४ ते १/५०० सगळे वेग चालतात. हाताने लावताना आतला प्रकाशमापक काही सांगत नाही ही त्याची उणीव, पण खिशातल्या मोबाइलवर प्रकाश मोजायचं अ‍ॅप असताना तिचं एवढं दुःख करू नये. एक चकवा लक्षात ठेवा. सेल नसताना कडी ‘ए’ वर असेल तर बटण दाबलंच जात नाही. कितीतरी धडधाकट कॅनोनेट याच कारणाने ‘बंद’ म्हणून स्वस्तात विकले जातात. कडी फिरवून बघा.

त्याचा सेल १.३५ व्होल्टचा, ६२५ नंबरचा, तोही पाऱ्याचा. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मापक उजेड जास्त आहे असं समजतो आणि फिल्मला प्रकाश कमी पडतो. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज उतरत जातो, त्यामुळे आज जुळवलेला हिशोब महिन्याभराने चुकतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि तोच टिकवून धरतो. आकाराने लहान असतो, म्हणून भोवती रबराचं कडं घालावं लागतं. हवा लागली की तो काम करू लागतो आणि खानदेशातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लवकर सुकतो. स्वस्त आहे, बदलत राहा.

माझा कौल कॅनोनेटला, आणि कारण एवढंच की त्याचा मापक मेला तरी कॅमेरा मरत नाही. यशिकाचं इलेक्ट्रॉनिक काळीज बंद पडलं की हातात १/५०० चा एकच खटका उरतो. दोन्ही सारख्या भावात मिळत असतील तर विचार करायची गरज नाही. यशिका बराच स्वस्त आणि तपासणीत पास होत असेल तर जरूर घ्या; रात्रीच्या कामात तो कॅनोनेटला मागे टाकतो. त्याच्या बाजूने आणखी एक छोटी गोष्ट आहे: त्याला ५५ मिमीचा फिल्टर लागतो, आणि तो कुठेही मिळतो. कॅनोनेटचा ४८ मिमीचा शोधावा लागतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी हा खिशात मावणारा. ४२ मिमी, एफ २.८, हाताने आणि आपोआप दोन्ही तऱ्हेने चालतो, आणि वेग व अ‍ॅपर्चर दोन्ही खिडकीतच दिसतात. सर्वांत कमी वेग १/१५, त्यामुळे अंधाराचा गडी नाही. पण उन्हात फिरणाऱ्यासाठी याच्याइतका शहाणा कॅमेरा मला दुसरा दिसत नाही. त्याचा थोरला भाऊ ३५ एसपी (१९६९) सात भिंगकाचांचा आणि बिंदूवर प्रकाश मोजणारा. सुरेख आहे, पण त्याची कीर्ती भावात आधीच धरलेली असते. मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस (१९६६) मोठा, जड आणि भरवशाचा. हाय-मॅटिक या नावाला एक मजेदार मान आहे. १९६२ साली जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला तेव्हा त्याच्याजवळ औषधांच्या दुकानातून विकत घेतलेला अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता, आणि तो म्हणजे दुसऱ्या नावाने विकला जाणारा हाय-मॅटिकच. कोनिका ऑटो एस२ तपासणीत पास झाला तर बिनधास्त घ्या. ज्यांच्या भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखी सेलेनियमची जाळी दिसते ते साठच्या दशकाच्या सुरुवातीचे कॅमेरे सेलविना प्रकाश मोजतात, पण ती जाळी म्हातारी झाली की बदलायला दुसरी मिळत नाही.

सोव्हिएत कॅमेऱ्यांचा प्रांत वेगळा. झोर्की ४ आणि फेड हे मूळ लायकाच्या नकलेतून वाढलेले. भिंग बदलता येतं, सगळं यांत्रिक, आणि झोर्कीच्या खिडकीला नजरेचा नंबर जुळवायची सोय आहे. चष्मेवाल्यांनी याची नोंद घ्यावी. झोर्कीचा एक नियम मोडायचा नाही: आधी फिल्म पुढे घ्या, मगच वेगाची चकती फिरवा. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. विकत घेताना तुमच्या आधी दुकानात आलेल्या दहा जणांनी ते उलट केलेलंच असतं, हेही धरून चाला. घरी पेचकस चालवायची हौस असलेल्याने हा घ्यावा. याच कॅमेऱ्यांवर ‘लायका’ कोरून, कधी सोनेरी पत्रा चढवून विकायचा धंदा जुना आहे. चोरबाजारात सोनेरी लायका स्वस्तात दिसला तर हसून पुढे जा.

खरा लायका एम३ १९५४ चा. त्याच्या रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर सुमारे ६९ मिमी आणि खिडकीतून दिसणारी प्रतिमा ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ डोळ्याने दिसते तेवढीच. फोकसची अचूकता या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरते, आणि त्या हिशोबात वर सांगितलेले सगळे छोटे कॅमेरे फार मागे आहेत. पण ४० मिमीच्या भिंगाला एवढी अचूकता लागतच नाही. पहिला कॅमेरा म्हणून एम३ घेणाऱ्याला मी सांगेन, त्याच पैशात कॅनोनेट घ्या आणि उरलेल्याची काही वर्षं पुरेल एवढी फिल्म.

लायका, झोर्की, फेड यांच्या शटरचा पडदा कापडाचा असतो, आणि आपल्या उन्हात हा मुद्दा हलका नाही. भिंग झाकण न लावता, पूर्ण उघडं, अनंतावर फोकस करून सूर्याकडे तोंड करून ठेवलं तर ते बहिर्वक्र भिंगाचंच काम करतं आणि पडद्याला भोक पाडतं. मागचं झाकण उघडून मोबाइलचा दिवा समोरून दाखवा. पडद्यावर चांदणी चमकली तर समजा जळलेला आहे. त्या काळातल्या कॅनन ७ चा पडदा पोलादी, जळत नाही, पण कुणाचं बोट लागून चुरगळलेला असतो. थोडी सुरकुती चालते. कॅनोनेट, यशिका, ऑलिंपस यांचं शटर भिंगातल्या धातूच्या पात्यांचं असतं, त्यांना ही भीती नाही.

त्यांची भीती तेलाची. फोकसच्या कडीतलं ग्रीस उष्णतेने पातळ होतं, सरकत पात्यांवर येतं आणि मग पाती एकमेकांना चिकटतात. ४५ अंशांच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात किंवा उभ्या गाडीत वर्षानुवर्षं राहिलेल्या कॅमेऱ्याचं हेच होतं. म्हणून खानदेशातच वापरलेला कॅमेरा घेताना पाती आधी बघा, आणि मुंबई-कोकणातून आलेला घेताना भिंगातली बुरशी. मोबाइलचा दिवा मागून तिरका मारला की बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या. जाळं असेल तर कॅमेरा परत द्या.

पाती सुस्त आहेत का हे मोबाइलच्या स्लो-मोशनवर समजतं. २४० फ्रेमच्या व्हिडिओत १/४ सेकंदाचं शटर साधारण ६० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/३० चं आठ. ७० दिसल्या तर चालेल. १२० दिसल्या किंवा पाती मिटताना अडखळली, तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा. सगळ्यात मंद वेग आधी तपासा, तो आधी बिघडतो. एकदा उडवून समाधान मानू नका. पहिला झटका रखडतो आणि पुढचे ठीक जातात, असंही होतं. तुमच्या फिल्मवर मात्र पहिलाच झटका उमटणार असतो.

रेंजफाइंडर बरोबर बसलाय का हे बघायला दीपनगरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या लांबून दिसतात. महामार्गाच्या कडेला, एक-दोन किलोमीटर अंतरावर उभे राहा आणि कडी अनंतावर न्या. चिमणीच्या दोन उभ्या कडा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत. मग उच्चदाबाच्या तारांकडे बघा. तार आडवी असते. ती वरखाली दुहेरी दिसली तर रेंजफाइंडर उभ्या दिशेने सरकलेला आहे. तेवढ्याने फोकस चुकत नाही, डोळा मात्र थकतो. शेवटी टेपने बरोबर एक मीटर मोजून जवळची परीक्षा घ्या, कारण दूरचं जुळूनही जवळचं चुकलेलं असू शकतं. हे सगळं बाहेरून करायचं. केंद्राच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढलात तर सुरक्षारक्षक तुमच्या रेंजफाइंडरचं कौतुक करणार नाहीत.

मधला चौकोन फिकट असेल तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याचदा आतल्या काचांवर धुकट थर बसलेला असतो आणि तो पुसता येतो. पण आतल्या अर्धपारदर्शक आरशावर कुणालाही स्पिरिटचा बोळा फिरवू देऊ नका, त्याचा मुलामाच निघून येतो आणि मग चौकोन कायमचा गेला. तात्पुरता उपाय सोपा आहे: पुढच्या मोठ्या खिडकीवर, मधोमध, काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. चौकोन उठून दिसतो.

मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम या वयाच्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात डांबरासारखा चिकट झालेला असतो. हा दोष धरू नका, पण भाव करताना जरूर बोला. काडीने खरवडून, स्पिरिटने पुसून, खाचेत काळी लोकर बसवली की उजेड आत येत नाही. एक दुपार पुरते.

दीपनगरच्या बाजूला राहणाऱ्यांनी भिंग शर्टाच्या टोकाने पुसायची सवय मोडावी. उडत्या राखेचे कण काचेसारखेच कडक असतात, कोरडे घासले की भिंगाच्या मुलाम्यावर ओरखडे पडतात. आधी रबरी फुंकणी, मग मऊ ब्रश, आणि अगदीच लागलं तर द्रव लावून कापड. ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल. चामड्याच्या जुन्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात ओल तीच धरते.

खरेदीसाठी मुंबईत फोर्ट आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, आणि अर्थात ऑनलाइन. प्रत्यक्ष हातात घेऊन बघता येत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जपानमधून मागवलेले नग स्वच्छ असतात, पण टपाल आणि कस्टम्स धरून हिशोब करा. ‘चाचणी केलेली नाही’ असं लिहिलेलं असेल तर चाचणी केलेली आहे आणि ती फसली, असा अर्थ घ्यावा.

सौदा करताना आठवडाभरात परत घेण्याचा शब्द घ्या आणि त्याच आठवड्यात एक रोल संपवा. उटकमंडची इंदू फिल्म जाऊन बरीच वर्षं झाली, आता सगळी फिल्म बाहेरून येते आणि महाग आहे, तरी हा एक रोल वाचवू नका. २०० आयएसओची रंगीत फिल्म घ्या. आपल्या उन्हात ४०० ची घेतली तर १/५०० वरही अ‍ॅपर्चर १६ पर्यंत बंद करावं लागतं आणि भिंगाची खरी परीक्षाच होत नाही. काही चित्रं पूर्ण उघड्या भिंगाने एक मीटरवरून, काही चिमणीसारख्या दूरच्या वस्तूची, काही सगळ्यात मंद वेगावर कॅमेरा टेबलावर ठेवून. मध्ये एकदा भरलेला कॅमेरा दहा मिनिटं उन्हात ठेवा, उजेड झिरपत असेल तर त्या फ्रेमवर लालसर पट्टा येईल. प्रत्येक चित्राचा वेग आणि अ‍ॅपर्चर वहीत टिपा. रोल धुणारी लॅब कोणती आणि कुरिअरने पाठवून तो परत यायला किती दिवस लागतात, हे कॅमेऱ्याचे पैसे देण्याआधीच फोन करून विचारून ठेवा, म्हणजे परतीची मुदत त्या हिशोबाने मागता येईल.